मॅन्टलचं एक कार्ड की ब्रुकलिनचा अख्खा संघ?

जुनी बेसबॉल कार्डं जमवायची म्हटलं की पहिला पेच हाच. सगळे पैसे एका बड्या खेळाडूवर लावायचे, की तेवढ्यातच साध्या खेळाडूंची गड्डी घ्यायची? उदाहरणाला टॉप्स कंपनीचा १९५६ चा संच घेऊ. ३४० आडवी कार्डं. पुढे खेळाडूचा मोठा चेहरा आणि मैदानातल्या त्याच्याच खेळाचं चित्र, पाठीमागे तीन चौकटींची व्यंगचित्रं. 'त्याच्याच' म्हणायचं एवढंच, कारण हँक आरनच्या कार्डावर घसरत येणारा गडी चक्क विली मेज आहे!

मिकी मॅन्टल, न्यूयॉर्क यांकीजचा बडा फलंदाज, कार्ड क्रमांक १३५. त्या वर्षी त्याने ५२ होम रन, १३० आरबीआय (आपल्या फटक्यांवर संघाला मिळवून दिलेल्या धावा) आणि .३५३ ची फलंदाजीची सरासरी अशा तिन्ही आघाड्यांवर लीगमध्ये पहिला येऊन ट्रिपल क्राउन मिळवला. त्याच्या १९५२ च्या एका कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर आले. तो भाव या कार्डाचा नव्हे, पण त्याची धग यालाही लागते. मॅन्टल कधीही विकायला काढा, गिऱ्हाईक मिळतं. मात्र कोपरे किती टोकदार, चित्र किती मधोमध, यावर किंमत कितीतरी पटींनी हलते. त्यामुळे कडा कापून, कोपरे रंगवून कार्ड 'सुधारणारे'ही याच्याच मागे असतात. म्हणून पीएसए किंवा एसजीसी या कार्डं पारखणाऱ्या कंपन्यांनी तपासून प्लास्टिकमध्ये बंद केलेलंच घ्यावं. मग ते हातात धरून न्याहाळण्याची मजा गेली, हे आलंच.

आता ब्रुकलिनचा संघ, म्हणजे डॉजर्स. १९५६ च्या संचात ते आदल्या वर्षीचे विजेते म्हणून येतात. ४ ऑक्टोबर १९५५, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना. ब्रुकलिन २-० ने पुढे, पण सहाव्या इनिंगमध्ये यांकीजचे दोघे बेसवर, एकही बाद नाही. योगी बेराचा फटका लेफ्ट फील्डच्या अगदी कोपऱ्याकडे निघाला. तिथे उभा असलेला डॉजर्सचा सँडी अमोरोस डावखुरा, म्हणजे ग्लोव्ह उजव्या हातात. त्याने धावत जाऊन हात लांबवला आणि झेल घेतला. तिथून चेंडू सहकारी रीसकडे, रीसकडून हॉजेसकडे, आणि बेसपासून लांब गेलेला यांकीजचा मॅकडुगल्डही बाद. पिचर (चेंडू टाकणारा) जॉनी पॉड्रेसने ती दोन धावांची आघाडी शेवटपर्यंत राखली. ब्रुकलिनमध्ये असताना डॉजर्सनी जिंकलेली ही एकमेव वर्ल्ड सिरीज. १९५७ चा हंगाम संपल्यावर संघच लॉस एंजेलिसला गेला.

अमोरोसचं पुढे वाईट झालं. मायदेशी क्युबात त्याची मालमत्ता सरकारजमा झाली. १९६७ मध्ये तो अमेरिकेत परतला तेव्हा खेळाडूंच्या पेन्शनसाठी संघात असण्याचे सात दिवस कमी पडत होते. ते भरावेत म्हणून डॉजर्सनी त्याला पुन्हा संघात दाखवलं. त्याचं कार्ड कोपरे झिजलेलं असलं तर मॅन्टलच्या मानाने किरकोळ पैशांत येतं. पॉड्रेस आणि संघातले अर्स्किन, फुरिलो, लबाइन यांचंही तसंच.

अडचणी इथेही आहेत. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन आणि नामवंत पिचर सँडी कूफॅक्स याच संघात, आणि दोघे महाग. कूफॅक्सला थांबवता येईल, पण रॉबिन्सनला वगळून हा संघ मांडणं मला जड जातं. खेळाडू म्हणून टॉप्सने काढलेलं ते त्याचं शेवटचं कार्ड, त्यामुळे घडी पडलेलं का होईना, घ्यावं. दुसरं म्हणजे साधी कार्डं सुटी विकायला गेलात तर टपालखर्चातच नफा संपतो.

चार-पाच वर्षांत पैसे मोकळे करायचे असतील, तर बिनदिक्कत मॅन्टल घ्या. तशी घाई नसेल तर माझं मत डॉजर्सना. मॅन्टलला विसरू न देणारे पुष्कळ आहेत. अमोरोसचं नाव मात्र कुणीतरी काढावं लागतं. सुरुवात ४२ आणि १७३ या क्रमांकांपासून करा, म्हणजे अमोरोस आणि पॉड्रेस. सुटं कार्ड घेताना विक्रेत्याकडे पाठीमागचा फोटो आणि तिरप्या उजेडातला एक फोटो मागा. समोरून न दिसणारी बारीक घडी त्यात लगेच उघडी पडते.