टस्कीगी की हंटिंग्टन? वैद्यकीय नैतिकता शिकवताना पहिलं प्रकरण कोणतं घ्यावं

जीवशास्त्राच्या वर्गात नैतिकतेसाठी फार तर दोन-तीन तास मिळतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एवढ्या वेळात तत्त्वांची यादी देऊन काही होत नाही. एकच प्रकरण घ्यावं आणि ते मुळापर्यंत न्यावं. ते कोणतं घ्यायचं, हा खरा प्रश्न. घडून गेलेलं, चूक कोणाची हे सिद्ध झालेलं प्रकरण घ्यावं, की ज्याचं उत्तर आजही सोपं नाही असा पेच?

पहिल्या प्रकारात टस्कीगीसारखं उदाहरण नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारी आरोग्य खात्याने अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचं निरीक्षण केलं. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणारा जिवाणूजन्य आजार, होता. आजाराचं खरं नाव त्यांना सांगितलं नाही, ‘रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला, तरी तोही त्यांच्यापासून दूर ठेवला.

शिकवायला हे सोपं आहे. जिवाणूसंसर्ग आणि आजाराच्या अवस्था कळल्या की पुरे. अडचण वेगळीच येते. पाच मिनिटांत सगळा वर्ग ‘किती वाईट माणसं!’ म्हणतो आणि चर्चा तिथेच थांबते. म्हणून फळ्यावर सालं लिहावीत. १९३२ मध्ये उपचार होते, पण लांबलचक आणि विषारी. १९४७ मध्ये माणसांवरच्या प्रयोगांसाठीच्या न्यूरेम्बर्ग संहितेने संमतीची अट स्पष्ट मांडली. १९६४ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेवरचा हेलसिंकीचा जाहीरनामा आला. १९६६ मध्ये पीटर बक्स्टन या आरोग्य खात्यातल्याच कर्मचाऱ्याने आक्षेप नोंदवला. प्रत्येक सालापाशी थांबून विचारावं: या वर्षी कोणाला काय माहीत होतं आणि थांबवणं कोणाच्या हातात होतं? मग मुलांच्या लक्षात येतं की नियम लिहून झाल्यावरही पंचवीस वर्षं हे चालू राहिलं. एक गैरसमज मात्र आधीच दूर करावा. या माणसांना मुद्दाम सिफिलिस दिला नव्हता, तो त्यांना आधीच झालेला होता. मुद्दाम संसर्ग घडवण्याचे प्रयोग ग्वाटेमालात १९४६ ते १९४८ दरम्यान झाले.

दुसऱ्या प्रकारासाठी हंटिंग्टनचा आजार घ्यावा. हा मेंदूतल्या पेशी हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक आजार आहे. याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्यात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरं सलग चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर पूर्ण आयुष्य लाभल्यास आजार होणारच. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसू लागतात. पूर्ण बरं करणारा उपचार अजून नाही. आता वर्गापुढे ठेवा: सोळा वर्षांच्या मुलाच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, हा आजार आहे. आईने चाचणी केलेली नाही आणि तिला ती करायचीही नाही. मुलाला मात्र जाणून घ्यायचंय. करू द्यावी का?

इथे जीवशास्त्र आलं नाही तर चर्चेला बूडच राहत नाही. आईला सदोष जनुक मिळाल्याची शक्यता १/२, मुलाला १/४. मुलाची चाचणी सदोष जनुक दाखवणारी निघाली, तर आईचा निकालही तिच्या संमतीशिवाय उघड झाला. निर्दोष निघाली तर? आईची शक्यता शून्य होत नाही, १/३ वर येते. हे गणित मुलांकडून करवून घ्याच. आकडा फळ्यावर आला की ‘माझं शरीर, माझा हक्क’ म्हणणारी मुलंही थबकतात, कारण हे एकट्याचं शरीर नाही, हे त्यांना तिथे दिसतं. प्रौढपणी होणाऱ्या, उपचार नसलेल्या आजारांची अशी चाचणी अल्पवयीनांची करू नये, असंच वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं साधारणपणे सांगतात. पण हे शेवटी सांगावं. आधी सांगितलं तर मुलं त्याच्याच आडोशाला जातात.

या प्रकरणाला जोखीम जास्त आहे. वर्गातल्या एखाद्याच्या घरी आनुवंशिक आजार असू शकतो. म्हणून ‘तुमच्या घरी कोणाला आहे का?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. विषय आदल्या तासाला सांगून ठेवावा आणि ज्याला नको असेल त्याला कारण न विचारता दुसरं काम द्यावं. टस्कीगीतही वंशभेदाचा भाग काही मुलांना जिव्हारी लागतो, तिथेही शिक्षकाने भाषा जपून वापरावी.

आनुवंशिकतेचा धडा झाला नसेल तर हंटिंग्टनच्या वाटेला जाऊ नका, टस्कीगी घ्या. धडा झाला असेल आणि एकालाच जागा असेल, तर मी बिनदिक्कत हंटिंग्टन निवडेन. ही मुलं दोन-तीन वर्षांत स्वतः संमतीपत्रांवर सह्या करू लागतील आणि तेव्हा बरोबर-चूक इतकं उघड नसेल. दोन्ही जमत असतील तर टस्कीगी आधी घ्या. त्या प्रकरणानंतर आलेल्या, माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेवरच्या १९७९ च्या बेलमॉन्ट अहवालात व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं आहेत. हंटिंग्टनमध्ये आई आणि मुलगा दोघंही त्यातल्या पहिल्याच तत्त्वाचा आधार घेतात.

गुण देताना मत कोणतं, हे पाहू नका. आपल्या विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मुलाने लिहावा आणि त्यातलं जीवशास्त्र अचूक आहे का, ते तपासावं.