जांभळा उजेड म्हणजे यूव्हीबी नव्हे : इग्वानाच्या दिव्यात झालेली माझी फसवणूक

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यातल्या एका दुकानदाराने यूव्हीबीचा, म्हणजे सूर्यप्रकाशातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांचा, म्हणून मला जो दिवा विकला, त्यात यूव्हीबी नावालाही नव्हते. माझे ७,४०० रुपये गेले, ते एक वेळ सोडून देता येतील. पण त्या दिव्याखाली साडेतीन महिने काढलेल्या आमच्या इग्वानाच्या, पाचूच्या, हाडांची जी हानी झाली ती पूर्णपणे भरून येणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पाचू हा आमचा हिरवा इग्वाना, म्हणजे सरड्यासारखा एक मोठा प्राणी. पुण्याचा मावसभाऊ परदेशी गेला तेव्हा तो आमच्याकडे आला आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद व हस्तांतर रीतसर झाले. उन्हाळाभर मी त्याला रोज सकाळी गच्चीवर उन्हात नेत असे. मात्र जूनमध्ये अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले की आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, हे सातारकरांना सांगायला नको. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातला हा प्राणी. त्याला शेकायच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश, पिंजऱ्यात इतरत्र २७ ते ३० अंशांच्या आसपास आणि रात्रीही २३-२४ अंशांच्या खाली न उतरणारे तापमान लागते. शिवाय साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी किरण कातडीवर पडले की त्याच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते. ते कमी पडले, तर शेवग्याचा पाला कितीही खाऊ घाला, त्यातले कॅल्शियम अंगी लागत नाही.

दुकानदाराने दिवा, उष्णतेचा सिरॅमिक बल्ब आणि ठरलेल्या तापमानाला तो बल्ब बंद करणारा थर्मोस्टॅट असा संच समोर मांडला. मी यूव्हीबीची खात्री विचारताच त्याने दिवा लावला, गल्ल्यातून पाचशेची नोट काढून त्या जांभळ्या उजेडात धरली आणि म्हणाला, “साहेब, नंबर बघा कसा चमकतोय. यूव्ही नसता तर चमकला असता का?” नोटेचा क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू खरोखरच चमकत होते. माझी खात्री पटली. पक्के बिल घेतले तर जीएसटी पडेल असे तो म्हणाला, तेव्हा मी साध्या चिठ्ठीवर समाधान मानून पैसे यूपीआयने दिले. ही चूक माझी.

त्या नोटेबद्दल थांबून सांगितले पाहिजे, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. नोटेवरची ती शाई यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांत चमकते, बनावट नोटा ओळखण्याच्या यंत्रात असतात तशाच. म्हणजे दाखवलेला पुरावा खोटा नव्हता, तो भलत्याच गोष्टीचा होता. यूव्हीए आणि यूव्हीबी हे वेगळे किरण आहेत, यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही आणि त्याची चांगली नळी लावली तर उजेड साधा पांढरा पडतो. जांभळ्या रंगावरून काहीही सिद्ध होत नाही.

सप्टेंबरअखेरीस पाचू पोट घासत चालू लागला. एका संध्याकाळी तो माझ्या हातावर बसलेला असताना त्याच्या पुढच्या पायांची बोटे आपोआप थरथरताना दिसली, आणि खालच्या जबड्याला हात लावला तेव्हा तो ओल्या पुठ्ठ्यासारखा दबला. पुण्याच्या पशुवैद्यकांनी एक्स-रे काढला. हाडे इतकी फिकट होती की मांडीचे हाड कुठे संपते ते बोट ठेवून दाखवावे लागले. त्यांच्या सांगण्यावरून मी दिवा सोबत नेला होता. त्यांनी यूव्ही निर्देशांक मोजणारे यंत्र त्याच्याखाली एका विताच्या अंतरावर धरले. आकडा शून्य. मग आपल्याकडच्या नळीखाली तेच यंत्र धरले, तर ते ४ च्या पुढे गेले.

घरी येऊन मी थर्मोस्टॅट उघडला. तापमान मोजणारी तार पेटीत शिरून गोंदाच्या एका गोळ्यात संपत होती, कशालाच जोडलेली नव्हती. त्यामुळे सिरॅमिक बल्ब सतत चालू राहत होता आणि फांदीवर ४६ अंश तापमान होते. पाचू महिनाभर फांदी सोडून तळाशी का पडून राहत होता, ते मला त्या दिवशी कळले. मी ते पावसाळी सुस्ती समजत होतो.

दिवा घेताना यूव्हीबीची टक्केवारी आणि किती अंतरावर किती निर्देशांक मिळतो याचा तक्ता खोक्यावर छापलेला आहे का ते पाहा, आणि शक्य असेल तर मापक असलेल्या डॉक्टरांकडून तो मोजूनच पिंजऱ्यात लावा. दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये काच ठेवू नका. साधी काच यूव्हीबी अडवते, म्हणून खिडकीतून येणाऱ्या उन्हाचाही त्यासाठी उपयोग नाही. चांगल्या नळीचे यूव्हीबीसुद्धा उजेडाच्या आधी संपते, तेव्हा लावल्याची तारीख तिच्या टोपीवर लिहून वर्षभरात बदला. थर्मोस्टॅटची तार गरम पाण्याच्या कपात धरून बल्ब बंद होतो का, ते दुकानातच पाहा. मी हे केले असते, तर दोन मिनिटांत सगळे उघडे पडले असते.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा बिल कुठे आहे, असे मलाच विचारण्यात आले. यूपीआयची नोंद, चिठ्ठी, दिव्याचे फोटो आणि डॉक्टरांचा लेखी अभिप्राय जोडून मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे ज्यांनी असा संच घेतला आहे त्यांनी चिठ्ठी फेकू नये. पाचू आता कॅल्शियमचे थेंब घेतो, उघड्या उन्हात बसतो आणि फांदीवर चढतो. जबडा मात्र डावीकडे वाकडाच राहिला आहे. मागच्या आठवड्यात त्या दुकानावरून गेलो, तर काचेच्या कपाटात तोच संच मांडलेला होता आणि तो जांभळा दिवा भरदिवसा लावून ठेवलेला होता.