हळद-बेदाण्याच्या दुकानावर करन्सी स्विचर: आठ महिन्यांनंतर

दुकान वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या वेबसाइटवर ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर), माल सांगलीचा: राजापुरी हळद, हळकुंडं, तासगावचा बेदाणा. दुबई, कुवेत आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना भाव त्यांच्या चलनात दिसावेत म्हणून विकतचं करन्सी स्विचर प्लगइन (वेबसाइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) बसवलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण खालच्या बहुतेक अडचणी या जातीच्या कुठल्याही प्लगइनमध्ये येऊ शकतात.

बसवायला अर्धा तास पुरतो. दर नीट बसवायला मात्र वेळ द्यावा लागतो. दुकानाचं मूळ चलन रुपया असल्यामुळे दर ‘१ रुपया म्हणजे किती डॉलर’ असा उलटा साठवला जातो, आणि तो आकडा फार बारीक असतो. डॉलर ८५ रुपये धरा. १,३६० रुपयांचा बेदाण्याचा बॉक्स १६ डॉलरला दिसायला हवा. दराला दोनच दशांश स्थळं ठेवली तर दर ०.०१ होतो आणि बॉक्स १३.६० ला जातो. म्हणजे एका बॉक्समागे दोनशे रुपयांची खोट. तीन स्थळांवर तो १६.३२ होतो. सहा स्थळं ठेवली (०.०११७६५) की हिशेब जुळतो. ही सेटिंग ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये खाली दडलेली असते, आणि चूक लक्षात येते ती खात्यात पैसे कमी जमा झाल्यावर.

दर आणायचे कुठून? युरोपीय मध्यवर्ती बँकेचे दर फुकट मिळतात, पण त्या यादीत दिरहम आणि कुवेती दिनार नाहीत, आणि सुट्टीच्या दिवशी नवे दर येत नाहीत. ओपन एक्स्चेंज रेट्स या दर पुरवणाऱ्या सेवेच्या फुकट योजनेत महिन्याला १,००० वेळा दर मागता येतो. तासाला एक म्हटलं तरी ७४४ च्या वर जात नाही. तिथे मूळ चलन डॉलरच असतं, रुपयाचा हिशेब प्लगइनने करायचा. आम्ही दिवसातून दोनदाच दर घेतो, कारण सकाळी कार्टमध्ये टाकलेल्या हळदीचा भाव दुपारी वेगळा दिसला की गिऱ्हाईक बिचकतं. आणखी एक गोष्ट: वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) कुणी पान उघडलं तरच चालतो. रात्री दुकानावर कुणी फिरकलं नाही तर दर शिळा राहतो. होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन लावा.

आता राउंडिंग. बाजारदरावर ३ टक्के चढवून भाव वरच्या अर्ध्या डॉलरला नेला की १६ चे १६.५० होतात, ठीक. पण दिनारला ‘वरच्या पूर्णांकाला न्या’ असा नियम लावला तर घोटाळा. दिनार साधारण पावणेतीनशे रुपयांचा धरा. १०० रुपयांचं हळदीचं पाकीट ०.३६ दिनारचं, ते थेट १ दिनारला जातं. म्हणून राउंडिंग प्रत्येक चलनाला वेगळं हवं. दिनारला तीन दशांश स्थळं असतात आणि जपानी येनला एकही नसतं, हेही हातानेच भरावं लागलं. दिरहमचं अरबी चिन्ह उजवीकडून डावीकडे वाचलं जातं, त्यामुळे किंमतपट्टीत आकडे इकडचे तिकडे होतात. चिन्हाऐवजी चलनाचा तीन अक्षरी कोड दाखवायला सुरुवात केल्यावर ती कटकट संपली. डॉलरलाही देशाची खूण लावा, सिडनीचा माणूस नुसतं चिन्ह पाहून आपलाच डॉलर समजतो.

सगळ्यात जास्त छळलं ते कॅशेने, म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून साठवून ठेवलेल्या त्याच्या तयार प्रतीने. गिऱ्हाइकाच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) त्याचा देश ओळखायला वूकॉमर्स मॅक्समाइंड कंपनीचा डेटाबेस वापरतं. त्यासाठी फुकट लायसन्स की घ्यावी लागते. पण दुबईच्या गिऱ्हाइकासाठी तयार झालेलं पान कॅशेत पडलं की मिरजेच्या गिऱ्हाइकालाही दिरहम दिसतात. वूकॉमर्समध्ये ‘पेज कॅशिंगसह जिओलोकेट’ असा पर्याय आहे, पण त्याने पानाच्या वेबपत्त्याला शेपूट लागतं. आम्ही भाव अजॅक्सने, म्हणजे पान उघडल्यावर मागाहून, भरायचा पर्याय घेतला. पान उघडल्यावर क्षणभर रुपये दिसतात, मग भाव बदलतो. देखणं नाही, पण भाव बरोबर असतो. चलन बदलल्यावर वरच्या छोट्या कार्टमध्ये जुनंच चलन दिसलं, तर तो ब्राउझरच्या सेशनमध्ये साठवलेला तुकडा असतो. कार्टमध्ये काही घातलं-काढलं की तो ताजा होतो.

कुपनं आधी तपासा. १५० रुपये सवलतीचं कुपन डॉलरमध्ये १५० डॉलर वजा करत होतं, आणि ५,००० रुपयांवरची मोफत घरपोच ५,००० डॉलर झाली होती. आता ठरावीक रकमेची कुपनं बंद, फक्त टक्क्यांची.

पैसे कोणत्या चलनात कापले जाणार, हा खरा मुद्दा. गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) परदेशी चलन घेत नसेल तर दाखवायचे डॉलर आणि कापायचे रुपये, आणि त्यावर गिऱ्हाइकाची बँक आपला अधिभार लावते. चेकआउटच्या बटणाच्या अगदी वर ‘रक्कम भारतीय रुपयांत कापली जाईल’ असं लिहून रुपयांतला आकडा दिल्यापासून ‘जास्त पैसे कापले’ या तक्रारी जवळपास थांबल्या. ऑर्डरमध्ये त्या वेळचा दर साठवला जातो का, तेही बघा. परतावा त्याच दराने द्यावा लागतो.

क्रिप्टोची जोडणी आठवडाभरात काढली. दोन दशांशांवर प्रत्येक वस्तू ०.०० बिटकॉइन, आठवर बेदाण्याचा बॉक्स ०.०००१६०००. हा भाव कोण वाचणार? शिवाय निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फत आल्याची नोंद लागते, ती इथे मिळत नाही. वर १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस.

एक त्रास अजून आहे. काही वस्तूंना दिरहममध्ये हाताने ठरवलेला भाव दिला होता, कारण तो गोल आकड्यात छान दिसतो. नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की रुपयांतला भाव बदलतो, पण हाताने भरलेला भाव जुनाच राहतो, आणि प्लगइन काही सांगत नाही. आता फक्त गिफ्ट बॉक्सलाच तसा भाव ठेवलाय, आणि हंगामात दर सोमवारी तो तपासतो.