सफारी फसली: टूरवाल्याशी तडजोड, बँक, हेल्पलाइन 1915 की ग्राहक आयोग?

मे महिन्यात आम्ही चौघं ताडोबाला गेलो. टूरवाल्याशी ठरलं होतं ते असं: तीन सफाऱ्या, तिन्ही कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, मोहर्ली गेटनं, जिप्सी फक्त आपली, सोबत त्यांचा निसर्गतज्ज्ञ, आणि रिसॉर्ट गेटपासून दहा मिनिटांवर. मिळालं ते असं: कोअरची एक सफारी, बफरच्या (गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या) दोन, जिप्सीत आणखी दोन अनोळखी पाहुणे, निसर्गतज्ज्ञ 'ऐन वेळी आजारी', आणि रिसॉर्टपासून गेट पाऊण तास. पहाटे साडेतीनला उठून मुलं गाडीत पेंगत होती.

गंमत पुढेच आहे. कोअरमध्ये चितळ, सांबर आणि एक कंटाळलेलं गव्यांचं कुटुंब, यापलीकडे काही दिसलं नाही. वाघीण दिसली ती आगरझरीला, बफरमध्ये. रस्त्याच्या मधोमध, चांगली पाच-सात मिनिटं. त्यामुळे परतल्यावर मी फोन केला तेव्हा टूरवाल्यानं एकच वाक्य ऐकवलं: "वाघ दिसला ना तुम्हाला? मग तक्रार कसली?"

मी क्षणभर गप्प झालो. नंतर लक्षात आलं की त्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही डोक्यात हिशेब चुकीचा होता. वाघ दिसणं हे पॅकेजात नव्हतंच. म्हणून तो दिसला नाही तर टूरवाल्याचा दोष नाही, आणि दिसला म्हणून त्याचं बाकीचं माफही होत नाही. पुढचा सगळा आढावा या एका फरकावर उभा आहे. तुम्ही आत्ता अशाच रागात असाल तर आधी आपली तक्रार या चाळणीतून गाळून घ्या.

जंगलाचं जंगलाला द्या. वाघ न दिसणं, पाणवठ्यावर तासभर बसून फक्त लंगुरांचे कॉल ऐकणं, चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन, धूळ, यांचे पैसे कुणी परत देणार नाही. गाईडनं किंवा ड्रायव्हरनं गाडी 'जवळ नेली नाही' हीसुद्धा तक्रार नव्हे. 31 डिसेंबर 2024 ला नागपूरजवळच्या उमरेड-करांडला अभयारण्यात जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. त्यावर गाईड-ड्रायव्हर निलंबित झाले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. जो गाईड लांब थांबतो तो आपलं काम करत असतो.

हा धंदा विदर्भाला नवा नाही. 1950 च्या दशकात नागपुरात ॲल्विन कूपर नावाची कंपनी मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीच्या सहली काढायची. ती काढणारे विद्याचरण शुक्ल पुढे आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्री झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. पण 'पैसे मोजलेत, आता जनावर समोर आलंच पाहिजे' ही गिऱ्हाइकाची समजूत तशीच राहिली, आणि टूरवाले जाहिरातीत तिलाच खतपाणी घालतात. 'गॅरंटीड साइटिंग' असं लेखी लिहून दिलं असेल, तेवढ्याच बाबतीत वाघ न दिसणं हा तक्रारीचा मुद्दा होतो, तोही दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून.

माणसाचं मात्र माणसाकडून घ्या. कोअरचे पैसे घेऊन बफर दिलं, स्वतंत्र जिप्सी सांगून वाटून दिली, कबूल केलेला माणूस आलाच नाही, ही सरळ सेवेतली त्रुटी. ताडोबाचं कोअर मंगळवारी बंद असतं. तरीही तुम्हाला मंगळवारची कोअर सफारी विकली असेल, तर वाद घालायलाही काही उरत नाही. पुरावा कुठला? परमिट. वन विभागाच्या परमिटवर गेट, तारीख, सकाळची की दुपारची फेरी आणि प्रवाशांची नावं असतात. आमच्या परमिटवर 'आगरझरी' स्पष्ट छापलं होतं, आणि व्हॉट्सॲपवर टूरवाल्याचा 'ऑल कोअर' हा मेसेज होता. हे दोन कागद शेजारी ठेवले की भाषण करावं लागत नाही. परमिट टूरवाल्याकडेच राहिलं असेल तर आजच मागून घ्या, भांडण सुरू व्हायच्या आधी.

पुण्यातल्या एका मित्रानं सल्ला दिला, "बफर म्हणजे दुय्यम, असं ठणकावून लिही." मी लिहिलं नाही, कारण ते खरं नाही. बफरमध्ये वाघ उत्तम दिसतात, आम्हालाच दिसला. मुद्दा चांगल्या-वाईटाचा नसून पैसे कशाचे घेतले, याचा आहे.

पैसे परत की 'पुढची ट्रिप आमच्याकडून'?

पहिली ऑफर बहुतेक वेळा हीच येते: पुढच्या वेळी एक सफारी फुकट, किंवा पुढच्या पॅकेजवर अमुक टक्के सूट. ऐकायला उदार वाटतं. पण नागपूरपर्यंतचं जाणं-येणं, मुलांच्या सुट्ट्या, ऑफिसची रजा हे सगळं पुन्हा आपलंच. शिवाय 'पुढच्या वेळी' म्हणजे केव्हा? जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, दिवाळी-नाताळची परमिटं आधीच संपलेली, आणि मग हळूच 'बफर चालेल का?' म्हणजे आपण फिरून तिथेच. रोख रक्कम कमी मिळते, पण ती घेऊन विषय संपतो. माझं मत रोखीच्या बाजूनं आहे. अपवाद एकच: पुढच्या सफारीचं परमिट तुमच्या नावांनिशी निघून हातात पडलं असेल, तर घ्या. तारीख नसलेलं व्हाउचर म्हणजे उधारीची पाटी.

आणि काहीही घेताना 'आता माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही' अशी ओळ सही करण्यापूर्वी नीट वाचा. पूर्ण रक्कम मिळाली असेल तर खुशाल सही करा. व्हाउचरच्या बदल्यात करू नका.

मागायचे किती, हेही आधी ठरवा. पूर्ण पॅकेजचे पैसे परत मागितले की समोरचा आपल्याला वेड्यात काढतो, कारण दोन रात्री राहिलात, जेवलात, जंगलही पाहिलंत. आम्ही 72,000 दिले होते. कोअर आणि बफरच्या शुल्कातला फरक, जिप्सीच्या सहा जागांपैकी दुसऱ्यांना दिलेल्या दोन जागांचे पैसे, आणि न आलेल्या तज्ज्ञाचे त्यांच्याच कोटेशनमध्ये लिहिलेले पैसे, अशी बेरीज 21,000 च्या आसपास गेली. शुल्क वन विभागानं ठरवलेलं असतं, त्यामुळे त्या आकड्याशी टूरवाला वाद घालू शकत नाही. ईमेलवर हा हिशेब पाठवला, पंधरा दिवसांची मुदत दिली. फोनवर बोलणं झालंच तर लगेच 'आत्ता ठरल्याप्रमाणे' म्हणून दोन ओळी लिहून पाठवायच्या. ही सवय माझ्या वडिलांची, ते वीज मंडळाशी असंच भांडायचे.

बँक की हेल्पलाइन?

मुदत संपली आणि समोरून शांतता असेल, तर इथे वाट फुटते. पैसे कसे दिले यावर पुष्कळ अवलंबून आहे. कार्डानं दिले असतील तर 'सेवा सांगितल्याप्रमाणे मिळाली नाही' म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत फिरवणं, मागता येतो. कार्ड कंपन्यांची मुदत साधारण 120 दिवसांची असते, पण बँकेला लवकर कळवलेलं बरं. बँक टूरवाल्याकडे खुलासा मागते, तो कागद देतो, मग निर्णय. इथे फरकाचीच रक्कम मागितलेली चांगली, आणि परमिट-मेसेजची जोडी सोबत. कोर्टकचेरी नाही, खर्च नाही. पण यूपीआयनं दिलेत तर हा रस्ता बराच अवघड. चुकीच्या खात्यात गेलेले किंवा अडकलेले पैसे ही एक गोष्ट, आणि सेवा वाईट होती ही वेगळी. दुसरी यूपीआयमधून मार्गी लावणं कठीण. आम्ही 20,000 ॲडव्हान्स कार्डानं आणि उरलेले यूपीआयनं दिले होते, कारण 'कार्डावर दोन टक्के जास्त लागतील.' ते दोन टक्के वाचवल्याचं नंतर वाईट वाटलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, म्हणजे 1915, हा पैसे कसेही दिले असले तरी चालणारा मार्ग. मराठीत बोलता येतं, फी नाही, तक्रार नोंदली की क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही. मोठं नाव असलेल्या कंपन्या तिथून आलेल्या पत्राला उत्तर देतात. एका खोलीत दोन फोन घेऊन बसलेला टूरवाला देईलच असं नाही. तरी करून ठेवावं, कारण पुढे आयोगात गेलात तर 'आम्ही आधी सामोपचारानं प्रयत्न केला' हे दाखवायला तो क्रमांक कामी येतो. दोन्हीत निवडायचं तर कार्डवाल्यांनी आधी बँक गाठावी, कारण मुदत तिथे धावत असते. बाकीच्यांनी थेट 1915.

आयोगात जायचं का?

लोक इथे उगाच घाबरतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दोन गोष्टी फार सोप्या केल्या. एक, तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते. टूरवाला नागपूरचा, जंगल चंद्रपूरचं आणि तुम्ही ठाण्याचे असाल, तर ठाण्यातच. दोन, मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षं, आणि 'पुढच्या सीझनला बघू' म्हणणारा टूरवाला नकळत तीच मुदत खात असतो. बिलाच्या मागे लवादाचं कलम (वाद लवादाकडेच न्यायचा, अशी अट) छापलेलं असेल तर बिचकू नका, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही.

आता दुसरी बाजू. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात तारखा पडतात. चार-पाच हजारांच्या फरकासाठी वर्षभर त्या तारखा मोबाइलवर सांभाळायच्या का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी ठरवलं असतं की नाही. वीस-पंचवीस हजारांच्या पुढे मात्र विचार करण्यासारखं आहे, आणि मसाई माराच्या पॅकेजसारखा लाखांचा मामला असेल तर नक्कीच. तिथेही चाळणी तीच: नदी ओलांडणारे विल्डबीस्ट दिसले नाहीत, हे नशीब. कबूल केलेली सहा जणांची गाडी सोडून आठ जणांच्या गाडीत मधली सीट दिली, हे नशीब नाही. भारतातल्या कंपनीकडून बुकिंग केलं असेल तर केनियाच्या ट्रिपची तक्रारही तुमच्याच जिल्ह्यात. नुसते फरकाचे पैसे न मागता मनस्ताप आणि तक्रारीचा खर्चही मागा, पण आकडा असा ठेवा की वाचणाऱ्याला हसू येणार नाही. मसुदा जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचं मार्गदर्शन घ्या. 1975 पासून त्यांचं हेच काम चालू आहे.

उरलेले दोन रस्ते. वन विभागाकडे तक्रार फक्त गेटवरच्या गोष्टींची करावी: गाईडनं जादा पैसे मागितले, ड्रायव्हरनं नियम मोडले, आतमध्ये मोबाइल वापरला. टूरवाल्याशी झालेल्या तुमच्या कराराशी त्यांचा संबंध नाही. आणि ऑनलाइन रिव्ह्यू? लिहा, पण 'चोर', 'फसवे' हे शब्द टाळून. 'तीन कोअर सांगितले, परमिटवर एक कोअर निघालं' एवढं वाक्य पुष्कळ बोलतं. 'पैसे द्या नाहीतर रिव्ह्यू टाकतो' असं मात्र लिहून पाठवू नका. उद्या तोच स्क्रीनशॉट तुमच्याविरुद्ध दाखवला जाईल.

आमचं काय झालं? ईमेलला बाराव्या दिवशी व्हाउचर आलं. नाकारलं. पंधराव्या दिवशी बँकेत अर्ज टाकला, त्याच संध्याकाळी 1915 ला फोन केला. आठवड्याभरात टूरवाल्याचा फोन आला, आवाज बराच मऊ. 16,000 वर बोलणं थांबलं, बँकेतला अर्ज मी मागे घेतला, आणि सहीचा कागद पैसे खात्यात दिसल्यावरच दिला. मित्र म्हणतो पाच हजार सोडलेस. सोडले खरे.

आता डिसेंबरचं बुकिंग वन विभागाच्या संकेतस्थळावरून मीच केलं आहे. दोन फेऱ्या मोहर्लीच्या. तिसरी मुलीच्या हट्टापायी आगरझरीची.