कीवर्डसाठी वर्गणीचे साधन घ्यावे, की गूगलच्या मोफत साधनांवर भागवावे?

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातून आम्ही वायगावची हळद आणि तिच्या जोडीला भिवापुरी मिरचीचे तिखट ऑनलाइन विकतो. गावात राहून पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला माल पाठवणाऱ्या प्रत्येकापुढे स्वतःची वेबसाइट उभी राहिल्यावर एक प्रश्न येतोच: ग्राहक नेमके कोणते शब्द (म्हणजेच कीवर्ड) टाइप करून शोधतो आणि त्या शब्दांवर आपल्याआधी कोण बसलेले आहे, हे कशावरून ठरवायचे? एका बाजूला एचरेफ्स, सेमरश यांसारखी मासिक वर्गणीची साधने आहेत; दुसऱ्या बाजूला गूगलचेच कीवर्ड प्लॅनर (जाहिरातदारांना शोधांचा अंदाज देणारा), ट्रेंड्स (शब्दाचा शोध काळानुसार कसा वाढला-घटला ते दाखवणारा) आणि सर्च कन्सोल (आपली वेबसाइट कोणत्या शोधांत दिसली ते सांगणारा) आहेत. या दोन्ही मार्गांनी मी काम केले आहे. या साधनांची तोंडओळख वाचकाला आहे असे गृहीत धरून, निवड करताना उपयोगी पडतील तेवढ्याच गोष्टी येथे मांडतो.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. या परदेशी साधनांची पूर्ण सुविधांची योजना महिन्याला १०० डॉलरच्या वर जाते आणि हळदीसारख्या हंगामी मालाच्या व्यवसायात बारा महिने ही रक्कम भरत राहणे जड जाते. तरीही किंमत हे माझ्या निर्णयाचे मुख्य कारण नव्हते, कारण योग्य शब्द हाती लागला आणि त्यावर नियमित गिऱ्हाईक मिळू लागले, तर वर्गणी वसूल होऊ शकते.

स्पर्धेचे मोजमाप हा अधिक महत्त्वाचा फरक आहे. वर्गणीची साधने प्रत्येक कीवर्डला शून्य ते शंभर यांमधला एक काठिण्यांक, म्हणजे त्या शब्दावर वर येणे किती अवघड आहे याचा अंदाज, देतात. एचरेफ्सचा अंक मुख्यतः पहिल्या दहा निकालांतील पानांना किती वेगवेगळ्या संकेतस्थळांनी दुवे (लिंक) दिले आहेत यावरून काढला जातो. इतर साधने त्यात आणखी काही घटक मिसळतात. इंग्रजीतील मोठ्या बाजारासाठी ही पद्धत बरी चालत असावी. मराठी शोधांत मात्र पहिल्या पानावरच्या बहुतेक पानांना स्वतंत्र दुवे जवळपास नसतातच, त्यामुळे अंक अगदी लहान येतो आणि मैदान मोकळे आहे असे वाटते. प्रत्यक्षात तेथे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, इंडियामार्ट यांची पाने असतात आणि त्यांना त्या एका पानासाठी दुव्यांची गरजही नसते, कारण संपूर्ण संकेतस्थळाचे वजन पाठीशी असते.

कीवर्ड प्लॅनरमध्येही ‘स्पर्धा’ नावाचा रकाना आहे आणि त्याविषयी नवीन लोकांचा फार घोटाळा होतो. तेथे लिहिलेले कमी, मध्यम किंवा जास्त हे जाहिरातदारांमधल्या चढाओढीबद्दल असते. विनाजाहिरात निकालात वर येणे किती अवघड आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. त्याच तक्त्यातील बोलीचे आकडे, म्हणजे निकालाच्या वरच्या जागेत जाहिरात दिसावी म्हणून जाहिरातदार मोजतात ती रक्कम, मला अधिक बोलके वाटतात. ज्या शब्दासाठी कोणी पैसे मोजायला तयार आहे, त्या शब्दामागे विकत घेणारा माणूस असण्याची शक्यता अधिक असते.

आता त्या अडचणीकडे येतो, जिच्यामुळे माझा कौल ठरला. आमचा ग्राहक एकाच वस्तूला अनेक तऱ्हांनी शोधतो. कोणी देवनागरीत ‘वायगाव हळद’ लिहितो, कोणी तेच रोमन लिपीत लिहिताना सुरुवातीला डब्ल्यू लावतो तर कोणी व्ही. नागपूरकडचा हिंदी भाषक ‘हल्दी’ लिहितो, इंग्रजीची सवय असलेला ‘टर्मरिक’ लिहितो, आणि ‘ळ’ रोमन लिपीत एल की डी, यावर तर कोणाचेच एकमत नाही. ‘घरगुती हळद पावडर’, ‘गावरान हळद एक किलो’, ‘अख्खे हळकुंड’ हे शब्द आणखी वेगळे. मी ज्या साधनाची वर्गणी भरत होतो, त्यात यांतील जवळजवळ प्रत्येक शब्दापुढे मासिक शोध शून्य दिसत. लिपी बदलली, हिज्जे बदलले, ‘किलो’ जोडले किंवा काढले, तरी शून्य. शोध प्रत्येक रूपात थोडे थोडे विभागले गेल्यामुळे कोणतेच रूप त्या साधनाच्या नोंदीपर्यंत पोहोचत नसावे. अशी साधने आपले आकडे गूगलच्या जाहिरात विभागाची माहिती आणि लोकांच्या ब्राउझिंगच्या विकत घेतलेल्या नोंदी यांवरून अंदाजाने बांधतात. छोट्या भाषिक बाजारात तो अंदाज विरळ होणे स्वाभाविक आहे.

मात्र त्याच काळात सर्च कन्सोलमध्ये, आमच्याच वेबसाइटच्या अहवालात, हेच शब्द रोज दिसत होते. त्यांतील काहींवर क्लिक होत होते आणि त्या क्लिकमधून मागण्याही येत होत्या. दर महिन्याला पैसे भरून शून्य वाचायचे आणि फुकटच्या अहवालात त्याच शब्दांवरून आलेले ग्राहक पाहायचे, ही विसंगती मला सहन होईना. नोंद अपुरी असेल तर साधनाने ‘माहिती नाही’ असे लिहावे. शून्य लिहिल्यावर नवखा व्यावसायिक तो शब्द यादीतून काढून टाकतो आणि त्याच्या व्यवसायाला सर्वांत जवळचे असलेले शब्दच नेमके गळतात. गावाच्या किंवा वाणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालासाठी हे नुकसान मोठे आहे, कारण नाव घेऊन शोधणारा माणूस सहसा घ्यायचे ठरवूनच आलेला असतो.

याउलट, मोठे आकडे दाखवणारे शब्द आमच्या कामाचे निघत नाहीत. ‘हल्दी’ हा शब्द भरपूर शोधला जातो. त्यात लग्नातल्या हळदीची सजावट, गाणी आणि कपडे शोधणारे पुष्कळ असतात. ‘हळदी कुंकू’ संक्रांतीच्या सुमारास वर चढतो, तेव्हा लोक वाणाच्या वस्तू पाहत असतात. ‘आजचे हळदीचे भाव’ शोधणारा तर आपल्यासारखाच शेतकरी किंवा व्यापारी असतो. त्याला माल विकायचा असतो, घ्यायचा नसतो. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे मानांकनाशी जोडलेले शोधही अहवालात येतात, पण त्यांची भाषा पाहता ते बहुतांशी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे असावेत. हा भेद कोणतेही साधन आपल्यासाठी पुरेसा नीट करून देत नाही, असा माझा अनुभव आहे. तो शब्द स्वतः शोधून, वर आलेली पाने उघडून पाहिली की काही मिनिटांत कळतो.

गूगलच्या साधनांनाही मर्यादा आहेत. जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला कीवर्ड प्लॅनर नेमका आकडा देत नाही, तो १०० ते १,००० किंवा १,००० ते १०,००० असे रुंद पट्टे दाखवतो. ट्रेंड्सचे आकडे सापेक्ष असतात, सर्वाधिक शोधाच्या वेळेला १०० धरून बाकीचे मोजलेले, आणि छोट्या शब्दांसाठी तेथे आलेखच तयार होत नाही. सर्च कन्सोल अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी झाकून ठेवतो. तरीही त्याची एक गोष्ट माझ्या व्यवसायाला फार मानवते: त्यात १६ महिन्यांची माहिती मागे जाऊन पाहता येते. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे तिखट-हळद करून ठेवण्याची रीत आहे आणि मागणी त्या रीतीनुसार वरखाली होते. मार्च-एप्रिलमधील शोध गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले, तरच यंदा खरोखर वाढ झाली की नुसता हंगाम आला, हे कळते. बारा महिन्यांची माहिती यासाठी अपुरी पडली असती.

स्पर्धा पाहण्यासाठी मी आता आकड्यावर विसंबत नाही. गूगल जाहिरात खात्यात जाहिरातीचे पूर्वदर्शन दाखवणारी सोय आहे; तेथे शहर, भाषा आणि उपकरण निवडून पुण्यातल्या मोबाइलवर निकालाचे पान कसे दिसते, हे समुद्रपुरात बसून पाहता येते. गावातून थेट शोधले तर निकाल गावाच्या जागेनुसार बदलू शकतात, म्हणून हा मार्ग बरा. पहिल्या दहांत मोठ्या बाजारपेठांची सर्वसाधारण यादीची पानेच असतील आणि नेमक्या आपल्या मालाविषयी लिहिलेले एकही पान नसेल, तर मला तेथे जागा दिसते. एखाद्या छोट्या उत्पादकाने हळकुंड उकळण्यापासून दळण्यापर्यंत सविस्तर, छायाचित्रांसह लिहिलेले पान वर असेल, तर काठिण्यांक कितीही लहान असो, मी त्या शब्दाच्या वाटेला लगेच जात नाही.

वर्गणीच्या साधनांचे एक सामर्थ्य मान्य केले पाहिजे: प्रतिस्पर्ध्याचे कोणते पान कोणत्या शब्दांवर वर येते, हे ती एका दमात दाखवतात आणि गूगलची मोफत साधने ते दाखवत नाहीत. भंडाऱ्याच्या टसर साड्या परदेशात विकू पाहणाऱ्याचा ग्राहक इंग्रजीत शोधतो, त्याचे प्रतिस्पर्धीही इंग्रजीत लिहितात. अशा व्यवसायाला मी वर्गणी घेऊ नका असे म्हणणार नाही. त्यांनीही हंगामाआधी एखाद्या महिन्यासाठी घ्यावी, याद्या उतरवून घ्याव्यात आणि मग थांबवावी, हे मला अधिक परवडणारे वाटते.

ज्यांचा ग्राहक मराठीत किंवा रोमन मराठीत शोधतो, त्यांनी माझ्या मते गूगलच्या साधनांपासून सुरुवात करावी. वेबसाइट अगदी नवी असेल तर सर्च कन्सोल पहिले काही महिने रिकामाच राहील. तोवर शोधपेटीत शब्द अर्धा टाइप करून खाली येणाऱ्या सूचना वहीत उतरवाव्यात, फोनवर मागणी देणाऱ्या ग्राहकाला काय टाइप करून आपल्यापर्यंत पोहोचलात हे विचारावे, आणि मालाच्या पानावर देवनागरी नावासोबत रोमन लिपीतील प्रचलित हिज्जेही वाक्यांत सहज बसतील असे लिहावेत. अहवालात पहिले शब्द दिसू लागले की पुढची यादी त्यांतूनच वाढवावी.