१५०/५, २०० /५ की ४००/५? मीटरिंगसाठी सीटी निवडताना

सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर: केबलमधला मोठा करंट ठरलेल्या प्रमाणात लहान करून मीटरला देणारा. २००/५ म्हणजे केबलमध्ये (प्रायमरी) २०० अ‍ॅम्पिअर असताना मीटरच्या बाजूला (सेकंडरी) ५. ती घेताना ‘पुढे लोड वाढेल, मोठीच घेऊन ठेवू’ असं सर्रास म्हटलं जातं. केबलच्या बाबतीत ते खपतं. सीटीच्या बाबतीत त्याची किंमत रात्रीच्या रीडिंगमध्ये मोजावी लागते.

एक ठोस लोड धरू: थ्री फेज, ४१५ व्होल्ट, १०० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.९. प्रत्येक फेजला सुमारे १५५ अ‍ॅम्पिअर येतात. रात्री फक्त दिवे आणि एखादा पंप, म्हणजे ८ अ‍ॅम्पिअर. हे करंट सीटीच्या प्रायमरी आकड्याच्या किती टक्के होतात ते असं:

| सीटी | १५५ अ‍ॅम्पिअरला | ८ अ‍ॅम्पिअरला |
|---|---|---|
| १५०/५ | १०३ टक्के | ५.३ टक्के |
| २००/५ | ७८ टक्के | ४ टक्के |
| ४००/५ | ३९ टक्के | २ टक्के |

पाहायचा तो शेवटचा रकाना. क्लास (अचूकतेची श्रेणी) ०.५ च्या सीटीला ५ टक्के करंटला १.५ टक्के चूक चालते, २० टक्क्यांना ०.७५ आणि १०० ते १२० टक्क्यांना ०.५. पाचच्या खाली मानक काहीच बांधून देत नाही. म्हणजे रात्रभर ४००/५ काय दाखवेल याची हमी नाही, आणि खरं तर २००/५ चीही नाही. १५०/५ जेमतेम आत बसते, पण तिची मर्यादा १२० टक्के, म्हणजे १८० अ‍ॅम्पिअर. ब्रेकर २०० चा असेल तर ती बाद.

इथे क्लास ०.५एस कामाला येतो. त्याची हमी १ टक्क्यापासून सुरू होते: १ टक्क्याला १.५, ५ टक्क्यांना ०.७५, २० च्या पुढे ०.५. त्यामुळे ८ अ‍ॅम्पिअरला ४००/५ ०.५एस ही २००/५ साध्या ०.५ पेक्षा भरवशाची ठरते. रेशोवर वाद घालण्याआधी क्लास बघावा तो यासाठी. या लोडला आमची पसंती २००/५, ०.५एस. वर्षभरात लोड दुप्पट होणार हे नक्की असेल तरच ४००/५, तीही एसच.

लोड फारच लहान असेल तर रिंग सीटीतून केबल दोनदा ओवता येते. १००/५ ची मग ५०/५ होते. मोजायचं ते भोकातून केबल किती वेळा गेली ते, बाहेरचे वेढे नाहीत.

आता सेकंडरी ५ अ‍ॅम्पिअरची की १ ची? मीटर सीटीपासून १० मीटरवर आहे, वायर २.५ चौ. मिमी तांब्याची. जाऊन-येऊन २० मीटर, रोध सुमारे ०.१५ ओहम. ५ अ‍ॅम्पिअरला नुसती वायरच ३.७ व्हीए खाते. अंतर १५ मीटर झालं की ५.५ च्या वर, आणि ५ व्हीएची (म्हणजे सेकंडरीवर तेवढाच भार, बर्डन, पेलणारी) सीटी तिथेच हरते. ४ चौ. मिमी वायरने हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो. १ अ‍ॅम्पिअर सेकंडरीला तीच २.५ ची वायर पाव व्हीएही घेत नाही; मात्र मीटरही १ अ‍ॅम्पिअरचाच हवा. उलट १५ व्हीएची सीटी घेऊन शेजारी इलेक्ट्रॉनिक मीटर लावणंही चूक: अचूकतेची हमी साधारणपणे नेमून दिलेल्या बर्डनच्या २५ टक्क्यांपासून लागू होते, आणि एवढ्याशा वायरला पावणेचार व्हीए गाठताच येत नाहीत.

बसवताना सीटीवरची पी१ खुणेची बाजू सप्लायकडे, पी२ लोडकडे. सेकंडरीच्या एस१-एस२ टोकांची अदलाबदल नको. एक सीटी उलटी लागली आणि लोड समतोल असला, तर मीटर खऱ्या युनिटच्या एक तृतीयांशच दाखवतो. मीटरमधला रेशो सीटीच्या नेमप्लेटवरून भरावा, ऑर्डरच्या कागदावरून नव्हे: २००/५ ला ४० चा गुणक, ४००/५ ला ८०. २००/५ ला चुकून ८० राहिला तर बिल थेट दुप्पट.

प्रायमरी चालू असताना सेकंडरी कधीही उघडी पडू देऊ नये. टोकांना जीवघेणं व्होल्टेज येतं. मीटर काढण्याआधी टेस्ट टर्मिनल ब्लॉकवरच्या शॉर्टिंग लिंक (सेकंडरीची टोकं एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या) बसवाव्यात आणि मगच स्क्रू ढिला करावा.