जुना पितळी कंपाउंड मायक्रोस्कोप: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिने झाले, रोज नाही पण आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी तरी यावर बसतोय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं पितळेचं कौतुक झालं असतं, दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर "दिसत काहीच नाही, घेऊ नका" असं लिहून मोकळा झालो असतो, आणि दोन्ही चूक ठरलं असतं.

आधी काय काय आलं ते सांगतो. घोड्याच्या नालेसारखा जडच्या जड पाय, चौकोनी स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) आणि त्यावर काळं एबोनाइट (कडक रबर), खाली एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने अंतर्गोल असा आरसा, आबे कंडेन्सर (स्लाइडखाली उजेड गोळा करणारं भिंग), आयरिस (उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी पडदी), तीन ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची भिंगं) बसतील अशी फिरती चकती, आणि वरून आत-बाहेर सरकणारी नळी जिच्यावर मिलिमीटरच्या खुणा कोरल्यात. बनवणाऱ्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही, ठेवण मात्र १९०० च्या आसपास युरोपात बनायच्या त्या मायक्रोस्कोपचीच. सोबत लाकडी पेटी, दोन हायगेन्स आयपीस (डोळ्याकडची भिंगं), पैकी एकात मोजपट्टी, एक स्टेज मायक्रोमीटर (मोजमापाची काच), कॅमेरा ल्युसिडा (चित्र गिरवायचं साधन), निकोल प्रिझमची जोडी (उजेड ध्रुवित करणारी), स्टँडवरचं मोठं भिंग आणि कागदी लेबलं लावलेल्या अठरा जुन्या स्लाइड्स. ऑब्जेक्टिव्हवर २/३, १/६ आणि १/१२ असे इंचातले आकडे आहेत, मला आधी वाटलं हे काहीतरी मॉडेल नंबर असतील, पण ते नाभीय अंतर आहे, म्हणजे २/३ इंच म्हणजे साधारण १६ मिमी, १६० मिमीच्या नळीवर ते दहापट होतं, १/६ चाळीसपट आणि १/१२ म्हणजे शेवटचं ऑइलचं, ज्याच्या आणि स्लाइडच्या मध्ये तेलाचा थेंब ठेवायचा असतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली आणि ती अजून सलते. आरशाचा दांडा काळपट दिसत होता म्हणून मेटल पॉलिश लावून घासला. दहा मिनिटांत चकचकीत पिवळा झाला आणि मग लक्षात आलं की बाकी सगळ्या भागांवर जो मधासारखा सोनेरी रंग आहे तो पितळेचा नाहीच, तो वर चढवलेल्या लाखेच्या वार्निशचा आहे, आणि दांड्यावरून तो आता कायमचा गेला. आता तिथे दर महिन्याला काळपट डाग येतात, बाकीचं पितळ शंभर वर्षांनीही तसंच आहे. तेव्हा कळकळीने सांगतो, पॉलिश नाही, स्पिरिट तर अजिबात नाही कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फक्त ओलसर सुती फडकं आणि लगेच कोरडं करायचं.

फोकसचा मोठा स्क्रू फिरतच नव्हता. जुनं ग्रीस वाळून अक्षरशः डिंक झालं होतं. जोर लावला असता तर दाते गेले असते, म्हणून दोन दिवस थांबलो, हेअर ड्रायरने हलकी ऊब दिली, नळी वर काढून घेतली आणि रॉकेलच्या बोळ्याने आणि जुन्या टूथब्रशने एकेक दाता साफ केला, मग नवीन घट्ट ग्रीस, तेही अगदी बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. आता नळी लोण्यासारखी सरकते. बारीक फोकसच्या स्क्रूला हात लावला नाही, तो चालतोय तर चालू दे, त्याच्या आत स्प्रिंग असते आणि ती एकदा उडाली की सापडत नाही.

भिंगांचं काय ते महत्त्वाचं. १/१२ चं ऑइल ऑब्जेक्टिव्ह दुधासारखं पांढरट होतं, विकणाऱ्यानेही ते गेलंय असंच सांगितलं होतं. दुसऱ्या मायक्रोस्कोपचं आयपीस काढून उलटं धरलं, म्हणजे त्याचं चांगलं भिंग बनतं, आणि त्यातून बघितलं तर खराबी काचेत नव्हती, वर वाळलेल्या देवदाराच्या तेलाचा थर होता. पूर्वी हेच तेल वापरायचे, काचेइतकाच अपवर्तनांक, सुमारे १.५१५, पण पुसलं नाही तर दगड होतं. लेन्स पेपरला झायलीन (तेल विरघळवणारं द्रावण) जेमतेम लावून तीनदा टेकवलं, लगेच कोरड्या कागदाने टिपलं आणि आतून स्वच्छ काळी चकचकीत काच निघाली, मला ओरडावंसं वाटलं! पण झायलीनमध्ये भिंग बुडवून ठेवू नका हं, आतली भिंगं कॅनडा बाल्समने (झाडाच्या पारदर्शक डिंकाने) चिकटवलेली असतात आणि झायलीन बाल्समलाही विरघळवतं. २/३ च्या ऑब्जेक्टिव्हमध्ये कडेला बाल्सम सुटलाय, नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. मध्यापर्यंत पोचलेली नाही, चित्र छान येतं, म्हणून तसंच ठेवलंय.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. दोन महिने मला नीट काही दिसत नव्हतं त्याचं कारण भिंग नव्हतं, उजेड होता. मी आरशाची अंतर्गोल बाजू वापरत होतो, वर कंडेन्सरही चढवलेला, म्हणजे उजेड दोनदा गोळा करायचा आणि भलतीकडेच न्यायचा. कंडेन्सर असेल तर आरसा सपाट, कंडेन्सर काढला तर अंतर्गोल, एवढी एक गोष्ट कळली आणि अर्धं काम झालं. दुसरं म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून मी आयरिस पार आवळून बसायचो. कडा काळ्या ठळक होतात, वाटतं व्वा काय शार्प, पण बारीक तपशील त्यातच मरतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबेंनी १८७३ मध्ये हेच मांडलं होतं की किती बारीक दिसेल ते नुसत्या मोठं करण्यावर नसतं, भिंगात किती रुंद कोनातून उजेड शिरतो त्यावर असतं. आता मी आयपीस काढून नळीत वाकून बघतो, ऑब्जेक्टिव्हच्या मागे उजेडाची गोल थाळी दिसते, आयरिस इतकाच आवळायचा की थाळीचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग उजळलेला राहील. पाच सेकंदांचं काम आहे, पण दर ऑब्जेक्टिव्हला करायचं.

दिवा म्हणून साधा एलईडी बल्ब आणि समोर दुधी अॅक्रिलिकचा तुकडा ठेवलाय. दिवसा पांढऱ्या ढगाचा उजेड मिळाला तर त्यासारखं काही नाही. आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवू नका, डोळा कायमचा जाईल, घरात मुलं असतील तर हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

सरकत्या नळीचंही तसंच. ती पूर्ण आत ढकललेली होती आणि मी तशीच वापरत होतो. दहापटीला फारसा फरक पडत नाही, चाळीसपटीला मात्र चित्रावर धुकं येतं. खुणेवर १६० ला आणली आणि कव्हर स्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) ०.१७ मिमीच्या वापरायला लागलो तेव्हा पेशींच्या भिंतींना धार आली. स्लिप जाड असेल तर नळी थोडी आत, पातळ असेल तर बाहेर, ही सोय जुन्या नळीत आहे आणि नव्या मायक्रोस्कोपमध्ये बहुतेक नसते.

आट्यांचंही सांगायलाच हवं. १८५८ मध्ये लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने ऑब्जेक्टिव्हचे आटे ठरवून दिले, ०.८ इंच व्यास आणि इंचाला ३६ आटे, आणि तेच माप पुढे जगभर चाललं. मित्राकडचं आजचं चाळीसपटीचं ऑब्जेक्टिव्ह माझ्या चकतीवर असं बसलं जणू तिच्यासाठीच केलंय. म्हणजे एखादं भिंग गेलं तरी यंत्र बाद होत नाही. दोन्ही आलटून पालटून पाहिली, नव्याचं चित्र जास्त उजळ, कॉन्ट्रास्ट जास्त कारण त्याच्या काचांवर कोटिंग असतं, पण बारकावे दिसण्यात माझं जुनं १/६ फार मागे नाही, हे मनापासून सांगतो.

अॅक्सेसरीजमध्ये सगळ्यात जास्त वापरली गेली ती मोजपट्टी. स्टेज मायक्रोमीटर म्हणजे काचेवर एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेले, एक घर १० मायक्रॉनचं. आयपीसच्या पट्टीची ५० घरं त्यावर लावली तर चाळीसपटीला बरोबर १३ घरं आली, म्हणजे आयपीसचं एक घर २.६ मायक्रॉन. ते कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. मग स्वतःच्या रक्ताचा पातळ थर काढून लाल पेशी मोजली, तीन घरांना थोडी कमी भरली, सात-साडेसात मायक्रॉन. पुस्तकात लाख वेळा वाचलेला आकडा आपल्या हाताने निघतो तेव्हा काय वाटतं ते ज्याने मोजलंय त्यालाच कळेल.

कॅमेरा ल्युसिडाने फार छळलं. आयपीसवर छोटं प्रिझम, बाजूला दांड्यावर आरसा, एकाच डोळ्याला चित्र आणि कागद दोन्ही एकावर एक दिसतात आणि पेन्सिलने गिरवायचं. खरी अडचण अशी की चित्र उजळ असलं की पेन्सिलचं टोक दिसत नाही आणि कागद उजळ केला की चित्र विरतं. वेगळा टेबल लॅम्प कागदावर लावून, तो पुढे-मागे सरकवून तोल साधावा लागतो. हलणाऱ्या जिवांसाठी उपयोग नाही. लाकडाच्या आडव्या छेदाचं चित्र मात्र मी चार संध्याकाळी बसून काढलं, प्रत्येक वाहिनी जागच्या जागी आली आणि फोटोत कधी न दिसलेलं एक दिसलं की मोठ्या वाहिन्या एकाच हंगामाच्या पट्ट्यात गर्दी करून होत्या. फोटो काढला की आपण बघणं थांबवतो, काढायला बसलं की बघावंच लागतं.

निकोल प्रिझम जोडी अजून कमी वापरलीये, स्टार्चच्या कणांवर काळा क्रॉस बघितला, सुंदर दिसतो, बस्स.

एक नुकसान झालं. जुन्या ऑब्जेक्टिव्हच्या टोकाला स्प्रिंग नसते, नव्यात असते, म्हणून ते स्लाइडला टेकलं तरी मागे सरकतं. १/६ आणि काच यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते. मी आयपीसमध्ये डोळा लावूनच खाली आणत गेलो आणि कट् असा बारीक आवाज आला. फुलपाखराच्या पंखाच्या खवल्यांची स्लाइड होती, लेबलवर शाईचं तिरपं अक्षर, कव्हर स्लिपला आडवी चीर गेली. ऑब्जेक्टिव्ह वाचलं. ती स्लाइड कुणीतरी एकेक खवला मांडून बनवली होती आणि इतकी वर्षं टिकली होती, फार वाईट वाटलं. तेव्हापासून नियम एकच, बाजूने बघत ऑब्जेक्टिव्ह खाली आणायचं, मग डोळा लावायचा आणि फोकस फक्त वरच्या दिशेने करायचा.

कुणी घ्यावा? शाळेतल्या मुलाचा पहिला मायक्रोस्कोप म्हणून नको, त्याला एलईडीचा साधा नवा द्या, रोज दहा मिनिटं आरसा जुळवण्यात गेली तर त्याचा उत्साह जाईल. पॅथॉलॉजीचं रोजचं काम करायचं असेल तरी नको, एका डोळ्याने तासन् तास बघणं जड जातं, दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय मला लागायला महिना गेला. वापरण्यासाठी घ्यायचा असेल तर फार जुना शोधू नका. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर या इंग्रज भिंगतज्ज्ञांनी भिंगांमधलं अंतर नीट ठरवून चित्रातला दोष कसा घालवायचा ते दाखवलं, त्याआधीचे बहुतेक दिसायला देखणे पण कडांना रंगीत झालर देणारे. आबे कंडेन्सर आणि आयरिस आहे का ते आधी बघा, भिंगातून आरपार दिव्याकडे बघा, पितळ शेवटी बघा.

पेटीतल्या स्लाइड्समध्ये एकीवर प्ल्युरोसिग्मा अँग्युलाटम लिहिलंय. हा डायटम (काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ), इंग्रजी एस सारखा वळलेला, पूर्वी भिंग पारखायला वापरायचे, अंगावर ठिपक्यांच्या रांगा आणि दोन रांगांत जेमतेम अर्धा मायक्रॉन. पहिले सहा महिने मला तो कोऱ्या काचेच्या तुकड्यासारखा दिसला आणि मी लेबलवरच शंका घेत होतो. माझ्या कंडेन्सरखाली आयरिस एका बाजूला सरकवायचा छोटा स्क्रू आहे, तो कशासाठी ते कळत नव्हतं म्हणून कधी फिरवलाच नव्हता. गेल्या महिन्यात एका रात्री फिरवला. उजेड तिरपा झाला, पार्श्वभूमी थोडी करडी झाली, बारीक स्क्रू केसभर हलवला आणि कोऱ्या काचेवर तिरप्या रेषा उगवल्या, आधी एका दिशेने, आयरिस फिरवला तर दुसऱ्या दिशेने. बायकोला उठवून दाखवलं, ती म्हणाली बारीक विणलेल्या कापडासारखं दिसतंय, आणि खरंच तसंच दिसत होतं.

आता १/१२ आणि ऑइल. ते पूर्ण ताकदीने चालवायचं तर कंडेन्सरच्या वरच्या भिंगावरही तेलाचा थेंब लावावा लागतो, नाहीतर मधल्या हवेत उजेडाचा रुंद कोन अडतो. आजचं न वाळणारं इमर्शन ऑइल आणून ठेवलंय, रविवारी प्ल्युरोसिग्मालाच त्याखाली लावणार आहे, ठिपके सुटे दिसतात का बघायचंय.